खाऱ्या पाण्याच्या गावी सूर्यशक्तीचे साह्य

पाण्याची टंचाई दोन प्रकारची असते. विहीर आटली म्हणजे ती टंचाई सर्वांना दिसते. वृत्तपत्रांत तिचा गाजावाजा होतो आणि टँकर सुरू होतात. दुसऱ्या प्रकारात विहिरीला पाणी भरपूर असते, परंतु ते घशाखाली उतरत नाही. या टंचाईचा बोभाटा होत नाही. गावकरी तेच पाणी पीत राहतात आणि घरातील स्त्रिया गोड्या पाण्याच्या एका हंड्यासाठी दूरवर पायपीट करीत राहतात.

विदर्भात पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा हे या दुसऱ्या टंचाईचे ठळक उदाहरण होय. अमरावती, अकोला व बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा हा प्रदेश पसरलेला आहे. येथे गाळाचे थर फार खोल असून त्यांतील क्षारांमुळे भूगर्भातील पाणी खारे झाले आहे. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, शेगाव या बाजूच्या शेतकऱ्यास त्याचे गुण सांगावयास नकोत. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि ओलितास वापरल्यास काळी जमीन चोपण होते. नळयोजनांनी अनेक गावांची सोय केली आहे खरी. तथापि नळ चार दिवस बंद पडला की गावाला पुन्हा त्याच विहिरीकडे वळावे लागते.

कोकणात खाडीकाठच्या गावांचा प्रश्न थोडा निराळा आहे. तेथे खारबांध शाबूत आहे तोवर विहीर गोडी असते. उधाणाच्या भरतीने बांध फुटला म्हणजे भाताचे शेत आणि विहीर ही दोन्ही एकाच रात्रीत खारी होतात. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने तमिळनाडू व श्रीलंका येथील किनाऱ्यांवरच्या हजारो विहिरी अशाच नासल्या. २५ मे २००९ रोजी आलेल्या आयला चक्रीवादळाने सुंदरबनातील मातीचे बांध फोडले आणि गावतळ्यांत खारे पाणी शिरले.

या सर्व ठिकाणी ऊन मात्र मुबलक असते. उन्हाच्या बळावर खारे पाणी पिण्याजोगे करता येते, ही गोष्ट आता केवळ प्रयोगशाळेपुरती राहिलेली नाही. परंतु ते किती मिळते, कोणत्या रीतीने मिळवावे आणि गावास त्यासाठी कोणती जबाबदारी पत्करावी लागते, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. गावात बंद पडलेले यंत्र उभे असणे हे यंत्र नसण्यापेक्षा वाईट होय. कारण कागदोपत्री सोय झालेली असते आणि दुसरी सोय करण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

पाण्याची परीक्षा

प्रथम पाणी किती खारे आहे हे मोजावे. विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण दाखविणारे हातात मावेल एवढे टीडीएस मापक आज सहज मिळते. पिण्याच्या पाण्यासाठी असलेल्या भारतीय मानकाप्रमाणे एका लिटरमध्ये ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार असावेत. दुसरा उद्भवच नसेल तर २,००० मिलिग्रॅमपर्यंतचे पाणी चालवून घ्यावे. समुद्राच्या पाण्यात हेच प्रमाण ३५,००० च्या आसपास असते. मापकाने केवळ क्षार कळतात. फ्लोराइड, नायट्रेट व रोगजंतू त्याने कळत नाहीत. यास्तव पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठविणे टाळू नये.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो फार पसरलेला आहे. पाणी उकळल्याने जंतू मरतात, परंतु क्षार जात नाहीत. उलट पाणी आटल्यामुळे ते किंचित वाढतात. तुरटीने गढूळपणा खाली बसतो. ब्लीचिंग पावडरीने जंतूंचा नाश होतो. फडक्याने वा वाळूने गाळल्यास कचरा अडतो. यांपैकी एकाही उपायाने खारे पाणी गोडे होत नाही. मीठ पाण्यापासून वेगळे करावयाचे तर एक तर पाण्याची वाफ करावी लागते, किंवा मीठ अडून राहील अशा अतिशय सूक्ष्म पटलातून पाणी दाबाने ढकलावे लागते. सूर्य या दोन्ही कामी उपयोगी पडतो.

काचेखालचे कुंड

अत्तराचा कारागीर भबक्यातून अर्क काढतो, त्याच तत्त्वावर पहिली रीत चालते. भट्टीऐवजी येथे ऊन असते. उथळ कुंडात खारे पाणी भरावे, कुंडाचा तळ काळा असावा आणि वर उतरती काच बसवून ते हवाबंद करावे. उन्हाने पाणी तापून त्याची वाफ होते. ती काचेच्या आतल्या बाजूस थंड होऊन थेंबांच्या रूपाने ओघळते आणि काचेच्या खालच्या कडेस बसविलेल्या पन्हाळीतून भांड्यात जमा होते. मीठ कुंडातच राहते.

ही रीत नवी नाही. दक्षिण अमेरिकेतील चिली देशात लास सालिनास येथे सोऱ्याच्या खाणी होत्या. तेथील वाळवंटातील विहिरींचे पाणी समुद्राहूनही कित्येक पटींनी खारे होते. १८७२ मध्ये चार्ल्स विल्सन या अभियंत्याने तेथे सुमारे ४,७०० चौरस मीटर क्षेत्रावर लाकडी चौकटींची काचेची कुंडे बांधली. त्यांतून दिवसाला वीस हजार लिटरांहून अधिक गोडे पाणी मिळे. खाणीतील माणसे व माल वाहणारी खेचरे यांची तहान त्यावर भागत असे. काच, लाकूड आणि ऊन यांच्या जोरावर हा कारखाना सुमारे चाळीस वर्षे चालला.

आपल्या देशात या विषयाचा पाठपुरावा भावनगर येथील केंद्रीय लवण व सागरी रसायने संशोधन संस्थेने केला. ही संस्था १९५४ मध्ये स्थापन झाली. मिठाचे उत्पादन सुधारणे हे तिचे मूळ कार्य. परंतु जेथे मीठ पिकते तेथे पिण्याच्या पाण्याची वाण असावयाचीच. संस्थेने १९७८ मध्ये भावनगरजवळच्या अवाणिया गावी दररोज ५,००० लिटर पाणी देण्याच्या क्षमतेचे काचेचे संयंत्र उभारले.

आता या रीतीचा हिशेब पाहावा. आपल्याकडे स्वच्छ दिवशी एक चौरस मीटर जागेवर साधारणपणे साडेपाच युनिट विजेइतकी उष्णता उन्हातून पडते. एक लिटर पाण्याची वाफ करावयास सुमारे दोन तृतीयांश युनिट लागते. म्हणजे उष्णतेचा कणही वाया गेला नाही तरी चौरस मीटरला आठ लिटरांपलीकडे मजल जाणार नाही. प्रत्यक्षात काच, तळ व भिंती यांतून बरीच उष्णता निसटते आणि पदरात अडीच ते तीन लिटर पडतात. पावसाळ्यात व थंडीत तेवढेही नाही. पाच माणसांच्या कुटुंबास पिण्यापुरते १५ लिटर हवे असतील तर पाच-सहा चौरस मीटर काच पुरते. परंतु ५०० वस्तीच्या गावास माणशी पाच लिटर द्यावयाचे तर एक हजार चौरस मीटर, म्हणजे सुमारे दहा गुंठे जमीन काचेने झाकावी लागेल. यावरून ही रीत कोठे शोभते ते उघड आहे. एखादी वाडी, मिठागरावरील कामगारांची वस्ती, शाळा किंवा उपकेंद्र यांच्यासाठी ती उत्तम. मोठ्या गावासाठी नव्हे.

ज्यांना असे कुंड बांधावयाचे असेल त्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. कुंडातील पाणी दोन ते पाच सेंटिमीटरच खोल असावे. खोली वाढली की पाणी तापण्यास उशीर लागतो व उतारा घटतो. काचेला पुरेसा उतार हवा, नाही तर थेंब ओघळण्याऐवजी पुन्हा कुंडातच टपकतात. काचेऐवजी प्लॅस्टिकचा कागद स्वस्त पडतो, पण त्यावर थेंब नीट पसरत नाहीत आणि वाऱ्याने तो फाटतो. एकाच बाजूस उतार असेल तर तो दक्षिणेकडे द्यावा. सांधे पक्के लिंपावेत. बहुतेक कुंडांचा उतारा घटतो तो काच फुटल्याने नव्हे, तर सांध्यातून वाफ निसटल्याने. दररोज सकाळी आतले जास्त खारट झालेले पाणी काढून नवे भरावे, म्हणजे तळाशी मिठाची पापडी धरत नाही. काळ्या तळावर पांढरी पापडी धरली की ऊन शोषले जाण्याऐवजी परत फिरते. काचेवरील धूळ पुसावी. काचेच्या बाहेरील बाजूस निराळी पन्हाळ बसविल्यास पावसाचे पाणीही साठविता येते, आणि पावसाळ्यात मिळकत तिचीच जास्त असते.

अशा पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच, म्हणून ते बेचव लागते. चवीसाठी त्यात थोडे विहिरीचे पाणी मिसळतात. मात्र मिसळावयाचे पाणी जंतुविरहित असल्याची खात्री करून घ्यावी.

पटल आणि पंप

दुसरी रीत म्हणजे जिला आज सर्वत्र आरओ म्हणतात ती. पटलाच्या एका बाजूस खारे व दुसऱ्या बाजूस गोडे पाणी असेल तर निसर्गतः गोडे पाणी खाऱ्याकडे ओढले जाते. खाऱ्या बाजूस पंपाने पुरेसा दाब दिला म्हणजे हा क्रम उलटतो. पाणी पटलातून पार होते आणि क्षार मागे राहतात. विहिरीच्या मचूळ पाण्यास मध्यम दाब पुरतो, समुद्राच्या पाण्यास मात्र हवेच्या दाबाच्या ५५ ते ७० पट दाब द्यावा लागतो.

ऊर्जेच्या दृष्टीने दोन्ही रीतींत फार मोठे अंतर आहे. एक हजार लिटर पाण्याची वाफ करावयास साडेसहाशे युनिटांहून अधिक उष्णता खर्ची पडते. तेवढेच मचूळ पाणी पटलातून ढकलावयास एक ते तीन युनिट वीज पुरते. सौर विद्युतफलक स्वस्त झाल्यापासून गावाच्या पाण्यासाठी हीच रीत अधिक सोयीची ठरली आहे.

राजस्थानात अजमेर जिल्ह्यातील कोटडी गावी २००६ मध्ये असे सौर संयंत्र सुरू झाले. जवळच सांभर सरोवर आहे, जेथे पिढ्यान्‌पिढ्या मीठ पिकत आले. त्या मुलखातील भूजलही खारे. तिलोनिया येथील बेअरफूट कॉलेज या संस्थेने भावनगरच्या संशोधन संस्थेच्या पटलाच्या साह्याने ते उभारले. सुमारे अडीच किलोवॉटचे सौरफलक, ताशी सुमारे ६०० लिटर गोडे पाणी आणि दिवसाचे सहा तास काम, असा त्याचा आवाका होता. म्हणजे रोजचे सुमारे ३,६०० लिटर. एक हजार माणसांच्या पिण्यापुरते पाणी त्यातून निघते. तिलोनियाची ही संस्था पदवी नसलेल्या खेडुतांना, विशेषतः स्त्रियांना, सौरदिव्यांची जोडणी व दुरुस्ती शिकवीत आली आहे. यंत्र ज्यांचे पाणी काढते त्यांनाच ते चालविता आले पाहिजे, असा तिचा आग्रह आहे. खेड्यातील पाण्याच्या यंत्रास याहून उपयुक्त धोरण सापडणे कठीण.

सौर संयंत्राच्या मांडणीत बॅटरी ही नेहमीची डोकेदुखी असते. ती महाग आणि तिचे आयुष्य थोडे. म्हणून शक्यतो वीज साठविण्यापेक्षा पाणी साठवावे. उन्हाच्या वेळी पंप चालवून दोन-तीन दिवसांचे पाणी झाकलेल्या टाकीत भरून ठेवले म्हणजे ढगाळ दिवसाचीही तरतूद होते.

पाणी फार खारे नसेल तर तिसराही एक मार्ग आहे. त्यात दाबाऐवजी विजेच्या आकर्षणाने क्षारांचे कण पटलातून बाजूस ओढून घेतात. त्यामुळे वाया जाणारे पाणी पुष्कळ कमी होते. २०१५ मध्ये अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात झालेल्या निर्लवणीकरणाच्या स्पर्धेत मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्था व जळगावची जैन इरिगेशन यांनी मिळून मांडलेल्या अशाच सौर संयंत्रास पहिले पारितोषिक मिळाले. खेड्यापाड्यांत त्याचा प्रसार अद्याप आरओइतका झालेला नाही.

उरलेल्या पाण्याचे काय?

यंत्र बसविताना हा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाही, आणि पुढे शेतकऱ्यासच तो भोवतो. लहान आरओ संयंत्रात आत घेतलेल्या पाण्यापैकी साधारण निम्मेच गोडे होऊन निघते. उरलेले निम्मे दुपटीने खारे झालेले असते. कोटडीच्या आकाराच्या संयंत्रातून रोज साडेतीन हजार लिटर असे पाणी बाहेर पडेल. ते नाल्यात सोडले तर खालच्या शेतकऱ्याची जमीन चोपण होईल. विहिरीजवळ सोडले तर मुरून पुन्हा विहिरीतच येईल, आणि दरवर्षी विहीर अधिकच खारी होत जाईल. मग ते यंत्र स्वतःचेच काम वाढवीत बसेल.

याला उपाय म्हणजे तळ व बाजू न गळणाऱ्या केलेले उथळ तळे, ज्यात हे पाणी उन्हाने आटून जाईल. एका चौरस मीटरमधून दिवसाला चार लिटर आटतात असे धरले तर साडेतीन हजार लिटरांसाठी जवळजवळ नऊ गुंठे क्षेत्र लागते. पावसाळ्यात तळ्यात उलट भरच पडते, म्हणून काठ उंच ठेवावेत व आजूबाजूचे वाहते पाणी चर खणून बाहेरच वळवावे. ही नऊ गुंठे जागा कोणाची, हे यंत्राची मागणी करण्यापूर्वीच ग्रामसभेत ठरलेले बरे. समुद्रकाठच्या गावी खाडीत वा मिठागराच्या कोंडीत हे पाणी सोडण्याची सोय बहुधा होऊ शकते. आतील गावांत तसे नाही. भांडी धुणे व शौचालय यांसाठी त्यातील काही भाग वापरता येतो, तेवढाच भार हलका होतो.

गोडे केलेले हे पाणी पिकांना देण्याचा विचारही करू नये. रोजच्या साडेतीन हजार लिटरांत फार तर काही गुंठे भाजीपाला भिजेल. खारपाणपट्ट्यात ओलितासाठी शेततळ्यात साठविलेले पावसाचे पाणीच खरे उपयोगी. जे पाणी आकाशातून गोडे होऊनच आले आहे ते वाहू देऊन जमिनीखालचे खारे पाणी गोडे करीत बसण्यात शहाणपण नाही. घरावरील पावसाचे पाणी टाक्यात साठवून चार-पाच महिन्यांचे पिण्याचे पाणी ज्या घरांना मिळते, त्यांनी यंत्राची गरज उरलेल्या महिन्यांपुरतीच धरावी.

यंत्राची देखभाल

पटलाचे दोन शत्रू गावातच असतात. पहिला गाळ. पाणी वाळूच्या गाळणीतून व नंतर बारीक गाळणकांडीतून गेल्याशिवाय पटलापर्यंत जाऊ देऊ नये आणि गाळणकांडी वेळेवर बदलावी. दुसरा शत्रू अनपेक्षित आहे. तो म्हणजे ब्लीचिंग पावडर. आरोग्याच्या दृष्टीने विहिरीत ती टाकणे योग्यच. परंतु तिच्यातील क्लोरीन आजच्या प्रचारातील पटलास खाऊन टाकते. ज्या विहिरीचे पाणी संयंत्रास जाते तिच्यात पावडर टाकावयाची असल्यास जलसुरक्षकाने चालकास आधी कळवावे. पाणी कार्बनच्या गाळणीतून जात असल्याची खात्री करून घ्यावी आणि क्लोरीन संपेतो यंत्र बंद ठेवावे. विहिरीऐवजी गोड्या पाण्याच्या टाकीत क्लोरीन दिल्यास दोन्ही हेतू साधतात.

यंत्र बरेच दिवस बंद राहणार असेल तर पटल वाळू देऊ नये; ते संरक्षक द्रावणात ठेवावे लागते. नीट सांभाळलेले पटल तीन ते पाच वर्षे टिकते, आणि मग नवे घालावे लागते. हा खर्च अकस्मात आल्यासारखा येतो व तेव्हाच यंत्रे बंद पडतात. यासाठी पहिल्या महिन्यापासून हंड्यामागे थोडी पाणीपट्टी घेऊन ती वेगळ्या खात्यात ठेवावी. चालक एकच असू नये. एक शिकलेला तरुण नोकरीसाठी शहरात गेला की किल्लीबरोबर यंत्राचे ज्ञानही जाते. म्हणून गावात राहणार आहेत अशा दोन-तीन स्त्रियांना सर्व काम शिकवावे. रोज बाहेर पडणाऱ्या पाण्याचे टीडीएस वहीत लिहावे. आकडा हळूहळू चढू लागला तर पटल घाण झाले आहे, एकदम चढला तर ते फाटले आहे, असे समजावे.

बांध फुटल्यावर

अचानक आलेल्या संकटात मात्र संयंत्र उभारण्याइतका अवधी नसतो. आयलानंतर भावनगरच्या संस्थेने गाडीवर बसविलेले निर्लवणीकरण संयंत्र सुंदरबनात पाठविले होते. त्याचा पंप उन्हावर नव्हे, गाडीच्याच इंजिनावर चाले. पहिल्या काही आठवड्यांत अशीच मदत उपयोगी पडते. सौर संयंत्र त्यानंतरच्या लांबलचक महिन्यांसाठी असते.

दरम्यान विहिरीचे काय करावे, याविषयी त्सुनामीनंतर श्रीलंकेत जो अनुभव आला तो कोकणातील खाडीकाठच्या गावांनी लक्षात ठेवावा. विहीर खारी झाली म्हणजे ती पंप लावून संपूर्ण उपसून काढण्याची घाई होते. वाळूच्या जमिनीत गोडे पाणी हलके असल्याने वर तरंगते व खारे जड असल्याने खाली राहते. विहीर जोराने उपसली तर खालचे खारे पाणी वर येते आणि पावसाने सुधारली असती अशी विहीर महिनोन्‌महिने बिघडते. म्हणून आत पडलेला कचरा, गाळ व मेलेली जनावरे काढून विहीर एकदाच हळूहळू स्वच्छ करावी. नंतर वरवरचे पाणी बादलीने थोडे थोडे काढावे आणि बाकीचे काम पावसावर सोडावे. प्रत्येक विहिरीचे टीडीएस दर आठवड्याला एकाच वेळी मोजून लिहून ठेवावे. बहुतेक ठिकाणी हे आकडे पहिल्या पावसाळ्यात उतरू लागतात. ज्या विहिरींचे आकडे दुसऱ्या पावसाळ्यानंतरही २,००० च्या वरच राहतील, त्या विहिरींवर अवलंबून असलेल्या घरांची यादी करून सौर संयंत्राचा प्रस्ताव त्यांच्यापुरता करावा.